शब्दार्थांच्या याद्या नकोत, शब्द वापरलेली वाक्ये द्या

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळाप्रवेश, शुल्क आणि निकाल यांविषयी आपल्या वृत्तपत्रात नियमितपणे लिहिले जाते आणि ते आवश्यकच आहे. परंतु वर्गात बसलेले मूल मराठीतला नवा शब्द नेमका कसा शिकते, हा विषय सहसा चर्चेला येत नाही. नाशिक शहरात आणि जिल्ह्यातील काही तालुक्यांत प्राथमिक शिक्षिका म्हणून काम करताना, आणि निवृत्तीनंतर शेजारपाजारच्या मुलांच्या वह्या पाहताना, माझे एक मत पक्के होत गेले आहे. रोजच्या वापरातले शब्द मुलांना अर्थांच्या याद्यांतून येत नाहीत, ते विचारपूर्वक रचलेल्या वाक्यांतून येतात. आणि अशी वाक्ये रचण्याकडे आपण शिक्षक, पालक आणि पुस्तके तयार करणारे असे सगळेच पुरेसे लक्ष देत नाही. त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

कोणत्याही शाळेतील तिसरी-चौथीची मराठीची वही उघडली, तर प्रत्येक पाठाखाली उभी रेघ मारून केलेले दोन रकाने दिसतात. डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ. मूल ही जोडी पाठ करते, परीक्षेत लिहिते आणि गुण मिळवते. पण तोच शब्द त्याला स्वतःच्या बोलण्यात आणायला सांगितला, की काय होते ते पाहावे. ‘संकोच’ या शब्दापुढे वहीत ‘लाज’ असे लिहिलेले असते. त्यावरून मूल ‘मला चोरी केल्याचा संकोच वाटला’ असे वाक्य करते, आणि यादीच्या हिशेबाने ते चूकही नसते. याच मुलाला अर्थ न सांगता आधी ‘पाहुण्यांच्या घरी लाडू फार आवडला, पण दुसरा मागायचा मला संकोच वाटला’ हे वाक्य ऐकवले, आणि त्यामागोमाग ‘संकोच करू नकोस, हवे असेल ते मागून घे, असे मावशी म्हणाली’ हे दुसरे वाक्य ऐकवले, तर संकोच कुठे वाटतो, कोणाला वाटतो आणि तो दूर कसा होतो, हे सगळे त्याच्या मनात आपोआप जुळते. ‘आग्रह’ आणि ‘हट्ट’ यांचेही तसेच आहे. मामीने आग्रह केला म्हणून आपण आणखी एक पुरणपोळी खातो, आणि धाकट्याने हट्ट केला म्हणून मामाला त्याला उन्हातान्हाचे रामकुंडावर न्यावे लागते. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली, की आग्रहात समोरच्याचा विचार असतो आणि हट्टात स्वतःचा, हे सातआठ वर्षांच्या मुलालाही वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

समानार्थी शब्दांच्या याद्यांचा प्रश्न तर आणखी निराळा आहे. झाड म्हणजे वृक्ष, तरू. पाणी म्हणजे जल, नीर. मुलाला आधीच ठाऊक असलेल्या सोप्या शब्दासाठी त्याला दोन अवघड शब्द पाठ करायला लावायचे, आणि झाडाशी नाते सांगणारे खोड, फांदी, डहाळी, पालवी, मोहोर, ढोली हे शब्द मात्र त्याला कधी भेटूच द्यायचे नाहीत, अशी ही पद्धत आहे. ‘तरू’ हा शब्द कवितेत येईल तेव्हा येऊ द्यावा, त्याला माझी हरकत नाही. पण शाळेच्या आवारातील झाडाकडे बोट दाखवून ‘वडाच्या ढोलीत पोपटाची पिले आहेत’ किंवा ‘आंब्याला मोहोर आला, पण परवाच्या पावसाने तो गळाला’ अशी वाक्ये बोलली गेली, तर ते मूल पुढच्या फाल्गुनात झाडाकडे पाहून स्वतःच काहीतरी बोलेल.

मराठीत वाक्याला इतके महत्त्व असण्याचे एक कारण भाषेच्या घडणीतच आहे. आपल्याकडे नाम एकटे सहसा वावरत नाही. त्याचे लिंग क्रियापदातून आणि विशेषणातून कळते, आणि प्रत्यय लागायच्या आधी त्याचे रूप बदलते. ‘विहीर’ हा शब्द यादीत लिहून मुलाला काय मिळते? फक्त तेवढी तीन अक्षरे. तेच ‘उन्हाळ्यात आमची विहीर आटली, म्हणून बाबांनी विहिरीत उतरून गाळ काढला’ या वाक्यात विहीर स्त्रीलिंगी आहे हे कळते, ‘विहिरीत’ लिहिताना ‘ही’ची ‘हि’ होते हे डोळ्यांना दिसते, विहिरीच्या बाबतीत ‘आटणे’ हे क्रियापद येते हे समजते, आणि शिवाय ‘गाळ’ हा शब्द फुकटचा पदरात पडतो. व्याकरणाचा एकही नियम न सांगता हे सगळे होते. नियम पुढे पाचवी-सहावीत येतीलच, आणि तोवर मुलाच्या कानावर अशी पुष्कळ वाक्ये पडलेली असतील, तर तो नियम त्याला ओळखीचा वाटेल.

नाशिककरांना तर यासाठी दूर जायची गरज नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले, की शहरातला प्रत्येक माणूस विचारतो, ‘दुतोंड्या मारुतीला कुठवर पाणी आलं?’ गोदावरीच्या पात्रातली ती मूर्ती म्हणजे पुराची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची मोजपट्टी आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आले, कमरेपर्यंत आले, छातीपर्यंत चढले, गळ्याला लागले, डोक्यावरून गेले. या चार-पाच वाक्यांत शरीराच्या अवयवांची नावे आहेत, गुडघा, कंबर, गळा या शब्दांची प्रत्ययापूर्वीची रूपे आहेत, ‘पर्यंत’ आणि ‘वरून’ यांतला फरक आहे, आणि पाण्याविषयी बोलताना ‘येणे’, ‘चढणे’, ‘लागणे’ ही क्रियापदे कशी बदलतात तेही आहे. ज्या मुलाने आजोबांचे बोट धरून होळकर पुलावरून पूर पाहिला आहे, त्याला ही वाक्ये पाठ करावी लागत नाहीत. फळ्यावर मारुतीचे साधे चित्र काढावे, पाण्याची रेघ खडूने वर वर सरकवत न्यावी आणि मुलांना बोलू द्यावे. ‘माझे अवयव’ नावाच्या तक्त्याने जे महिनाभरात होत नाही, ते अशा एका तासात होताना मी पाहिले आहे.

एकच शब्द निरनिराळ्या ठिकाणी निराळा अर्थ घेऊन येतो, तेव्हा तर यादी पूर्णपणे हात टेकते. ‘उतरणे म्हणजे खाली येणे’ असे लिहून दिले, की शिकवणाऱ्याचे काम संपते. पण मूल भोवताली काय ऐकत असते ते पाहा. आम्ही द्वारका चौकात बसमधून उतरलो. बाळाचा ताप उतरला. लासलगावला कांद्याचे भाव उतरले. नारोशंकराच्या देवळाजवळचा पूर उतरला. निकाल पाहून ताईचा चेहरा उतरला. द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरले. निफाड-दिंडोरीकडच्या मुलाला हे शेवटचे वाक्य घरातूनच ठाऊक असते, कारण मण्यांत पाणी उतरायला लागले, म्हणजे मणी मऊ पडून त्यांत रस भरू लागला, की बागेतली काळजी वाढते हे त्याने पाहिलेले असते. शहरातल्या मुलाला ते नवे असते. दोघे एका वर्गात असतील, तर एकाने दुसऱ्याला समजावून सांगावे, आणि शिक्षकांनी तेवढा वेळ गप्प बसावे. आपल्या घरचे शब्द वर्गात चालतात, इतकेच नव्हे तर ते इतरांना शिकवता येतात, हे कळल्यावर मागच्या बाकावरचे मूल किती ताठ बसते, हे शिक्षकांना सांगायला नको.

द्राक्षबागेचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, विरळणी, घड, मणी, काडी, डोळा, किंवा कांद्याच्या बाबतीत रोप, लागवड, काढणी, चाळ, गोणी, लिलाव, हे या जिल्ह्यातील हजारो घरांचे रोजचे शब्द आहेत. पाठ्यपुस्तक सगळ्या राज्यासाठी एकच असल्यामुळे त्यात हे सगळे येणार नाही, आणि तशी अपेक्षा करणेही योग्य नाही. हे काम स्थानिक शिक्षकांचेच आहे. ‘छाटणी’ हा शब्द कोकणातल्या मुलासाठी कदाचित नुसता शब्द असेल. आपल्या मुलांसाठी ते आईवडिलांचे काम आहे.

आता घरातील बोलण्याविषयी. शहरातल्या पुष्कळ मराठी घरांत, मग मूल कोणत्याही माध्यमाच्या शाळेत जात असो, क्रियापदे झपाट्याने कमी होत आहेत. कांदा कट कर, भाजी कट कर, केस कट कर, कागद कट कर. हे ऐकून मी मुलांना किंवा त्यांच्या पालकांना दोष देत नाही. इंग्रजी शब्द भाषेत येतात आणि काही रुळतातही. पण एका ‘कट कर’ने किती शब्द जागेवरून उठवले, याचा विचार व्हावा. कांदा चिरतात, मेथी खुडतात, नारळ फोडतात, ऊस तोडतात, कागद कातरतात, फांदी छाटतात, लसूण सोलतात, गाजर किसतात. या प्रत्येक क्रियेत हात वेगळा चालतो, हत्यार वेगळे असते आणि तुकड्याचा आकारही वेगळा होतो. ‘घालणे’ या शब्दाचेही असेच होत चालले आहे. सदरा घालतात, पण साडी नेसतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात, गजरा माळतात आणि चष्मा लावतात. या जोड्या कोणत्याही नियमाने सांगता येत नाहीत. साडीला ‘नेसणे’च का, याला उत्तर नाही, ‘आजी सणाच्या दिवशी नऊवारी नेसते’ हे वाक्य पुष्कळदा कानावर पडले, की ते अंगवळणी पडते, एवढेच. म्हणून पालकांनी वेगळा अभ्यास घेण्यापेक्षा स्वयंपाकघरात मुलाला जवळ बसवून हातातल्या कामाविषयी पूर्ण वाक्यांत बोलावे. ‘हे घे, निवड’ एवढ्यावर न थांबता ‘तांदळातले खडे निवडून झाले, की तांदूळ सुपात घे, मी ते पाखडते’ असे म्हणायला फारसा वेळ जात नाही. सूप घरात नसेल, तर जे आहे त्याविषयी बोलावे.

इथे उदाहरणाच्या वाक्याविषयी मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट येते, कारण वाक्य दिले म्हणजे शब्द शिकवला, असे मुळीच नाही. ‘ही घागर आहे’, ‘मला घागर आवडते’, ‘माझ्याकडे घागर आहे’ ही व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्ये आहेत आणि शिकवण्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहेत. घागरीच्या जागी खुर्ची, छत्री, मांजर काहीही बसवा, वाक्य जसेच्या तसे उभे राहते. म्हणजेच त्या वाक्याने घागरीविषयी काहीही सांगितलेले नसते. आता हे वाक्य पाहा: ‘घागरीचे तोंड अरुंद असल्यामुळे आजीचा हात आत जाईना, म्हणून तिने ती चिंच लावून नुसती बाहेरून घासली.’ ज्या मुलाने घागर कधी पाहिलेली नाही, त्यालाही ती अरुंद तोंडाची आणि पोकळ आहे हे कळते, आणि चिंचेवरून ती तांब्यापितळेची असावी, असा अंदाज हुशार मूल बांधते. दुसरा शब्द त्या जागी बसू नये, निदान सहजपणे बसू नये, ही चांगल्या वाक्याची माझ्या मते पहिली कसोटी आहे. दुसरी कसोटी अशी, की वाक्यातील बाकीचे शब्द मुलाला आधीच माहीत असावेत. एका अनोळखी शब्दासाठी आणखी तीन अनोळखी शब्द आणले, तर मूल वाक्यच सोडून देते. आणि वाक्य मुलाच्या जगात घडणारे असावे. मोठ्यांच्या उपदेशाची वाक्ये, ‘आपण नेहमी परिश्रम करावेत’ यासारखी, मुले वहीत उतरवतात आणि विसरतात. ‘परिश्रम’ शिकवायचाच असेल, तर शाळेसमोरचा रस्ता खणणाऱ्या माणसांकडे पाहून वाक्य करावे.

‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न आपल्या प्रश्नपत्रिकांत जुना आहे आणि तो चांगला आहे. परंतु बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तकांतून तयार वाक्ये मिळतात, ती फळ्यावर येतात आणि मग सगळ्या वर्गाच्या वह्यांत एकच वाक्य दिसते, अगदी त्यातील मुलाच्या नावासह. वाक्य स्वतःचे नसेल, तर शब्द स्वतःचा कसा होणार? त्यापेक्षा मुलाने मोडकेतोडके, पण आपल्या घरातले वाक्य केले, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत आणि लेखनातली चूक वेगळ्या रंगाने सुधारून दाखवावी. लेखनाच्या आधी बोलणे व्हावे, हेही मला आवर्जून सांगायचे आहे. नवा शब्द मुलाने आधी दोन-तीन वाक्यांत ऐकावा, अर्थाचा अंदाज करावा, अंदाज चुकला तर आणखी एक वाक्य ऐकावे, मग शब्द गाळलेल्या वाक्यात तो स्वतः बसवून पाहावा आणि शेवटी आपले वाक्य बोलावे. वहीचे काम त्यानंतरचे. दिवसाला दोन शब्द झाले तरी पुरे. मात्र ते शब्द पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वाक्यांतून पुन्हा भेटले पाहिजेत.

केंद्र सरकारच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असे लक्ष्य ठेवलेले आहे. लक्ष्य योग्य आहे. पण घड्याळ लावून मोजायला सोपे असते ते शब्दांचे प्रमाण, आणि म्हणून ‘अर्थ समजून’ हे त्यातले दोन शब्द मागे पडण्याचा धोका राहतो. मूल अडखळते ते पुष्कळदा अक्षरामुळे नव्हे, तर तो शब्द त्याने कधी ऐकलेलाच नसतो म्हणून. ऐकलेला शब्द वाचताना डोळा पुढे धावतो. तेव्हा वाचनाच्या गतीसाठीही शब्दांची तयारी तोंडी वाक्यांतूनच व्हायला हवी.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. सर्व मुलांच्या घरची भाषा पुस्तकातली मराठी नाही. बागलाण, देवळा, मालेगाव या भागात घराघरांत अहिराणी बोलली जाते; सुरगाणा-पेठकडे कोकणा आणि इतर आदिवासी बोली आहेत; सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींजवळच्या शाळांत उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची मुले आहेत. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे अशा मुलांची संख्या मराठीच्या तासाला वाढणारच आहे. ‘माले भूक लागनी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘असे बोलू नये’ म्हणून गप्प करण्याऐवजी त्याचे वाक्य फळ्यावर जसेच्या तसे लिहावे आणि त्याखाली ‘मला भूक लागली’ हे वाक्य लिहावे. दोन्ही वाक्ये वाचून दाखवावीत. मूल स्वतःच फरक शोधून काढते, आणि त्याच्या आईची भाषा फळ्यावर आल्याचा आनंद त्याला होतो तो वेगळाच. मराठी अजिबात न येणाऱ्या मुलासाठी तर कृतीबरोबर वाक्य यावे. दार उघड. दार लोट. दाराला कडी लाव. दारात उभा राहू नकोस. हिंदीतला अर्थ सांगण्याची गरज पडत नाही, कारण अर्थ त्याच्या हातातच असतो.

ही दृष्टी काही माझी नव्हे. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम केले, त्यात शिक्षणाची साधने मुलाच्या अंगणातून घेतली होती. पाने, बिया, शंख, खडे हेच तिथले साहित्य होते. वाक्यांच्या बाबतीतही अंगणातूनच सुरुवात करावी, एवढेच मला म्हणायचे आहे. शब्दकोश रचणाऱ्यांनाही शब्दाच्या अर्थावर भागत नाही हे जुन्या काळापासून माहीत होते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती आजही उघडून पाहावी. अर्थाबरोबर बोलण्यातले प्रयोग आणि म्हणी त्यात जागोजागी दिलेल्या आहेत.

पहिलीपासून कोणती भाषा शिकवावी, यावर २०२५ मध्ये राज्यात मोठा वाद झाला आणि जूनअखेर सरकारने त्यासंबंधीचे आपले निर्णय मागे घेतले. तो वाद महत्त्वाचा होता. त्याच्या दशांश उत्साहाने मराठीचा तास कसा जातो याची चौकशी पालकांनी शाळेत जाऊन केली, तर फार बरे होईल. कुसुमाग्रजांच्या या शहरात २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन मोठ्या प्रेमाने साजरा होतो. त्या दिवशी पाठ केलेल्या भाषणांबरोबर मुलांनी स्वतः केलेली वाक्येही वाचून दाखवली जावीत, अशी माझी शाळांना विनंती आहे.

संपादक महोदय, आपल्याकडे मात्र एक निश्चित मागणी आहे. आपल्या नाशिकच्या पानावर रोज एक लहानशी चौकट मुलांसाठी द्यावी. तिच्यात एकच शब्द असावा आणि त्याखाली तो शब्द वापरलेली तीन साधी वाक्ये असावीत, शक्यतो या जिल्ह्यातल्या जगण्याची. अर्थ छापू नये; तो मुलांना घरी विचारू द्यावा. शनिवारी त्याच चौकटीत शाळांकडून आलेली मुलांची वाक्ये छापावीत, आणि ती अहिराणीत किंवा कोकणा बोलीत असली तरीही छापावीत. बक्षीस किंवा क्रमांक ठेवू नयेत, कारण क्रमांक आला की वाक्ये पालक लिहू लागतील. जिल्हा परिषद आणि महापालिका यांच्या शाळांत वृत्तपत्र पोहोचत असेल, तर परिपाठाच्या वेळी ही चौकट वाचून दाखवण्यास शिक्षकांना दोन-चार मिनिटे पुरतील. पहिल्या महिन्याचे शब्द आणि वाक्ये मी लिहून देण्यास तयार आहे, आणि माझ्या ओळखीच्या काही आजी-माजी शिक्षिकांनीही पुढचे महिने वाटून घेण्याची तयारी दाखवली आहे. आपला होकार कळल्यास शब्दांची पहिली यादी वाक्यांसह आपल्या कार्यालयात आणून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
पंचवटी, नाशिक